फ्रेममध्ये शिरायच्या चार वाटा

मस्कतहून फोन आला तेव्हा सत्यशीला मेश्राम दुकानात बसून पासपोर्ट फोटो कापत होती. शुक्रवारची सकाळ, अकराचा सुमार. पलीकडचा माणूस बोलण्याआधी दोनदा नुसताच श्वास घेत राहिला. तिनं कात्री खाली ठेवली.

“सत्यशीलाताई, मी गुलाबसिंग राठोड. मैनाबाईचा पोरगा. पोळ्याच्या टायमाले तुमच्याकडून फोटोची फ्रेम नेलती.”

“ओळखलं. बोल.”

“याडी घरी नाई, ताई. सातवा दिवस हाये आज.”

बंजारा माणूस आईला याडी म्हणतो. एरवी गुलाबसिंग दुकानात ‘आई’ म्हणायचा. आज त्याच्या तोंडून घरातलाच शब्द आला, यावरून सत्यशीला काय ते समजली.

“कवापासून नाई?”

“गेल्या शनिवारपासून. फोन बंद. आमचे जावई रवीभाऊ शुक्रवारी उमरखेडहून आलते. त्यायनंच सोमवारी पोलिसात तक्रार देल्ली. पोलीस म्हणते, तुमच्या चुलतभावानं, लखीरामनं, काहीतरी केलं. तो आमचं वावर करते, रस्त्याच्या कडंचं दीड एकर बी. शुक्रवारी त्याचं अन् याडीचं भांडण झालं, अर्ध्या गावानं ऐकलं. अन् शनिवारी तो फवारणीचं विष चढून यवतमाळच्या दवाखान्यात पडला. लोकं म्हणते, करून सवरून नाटक करून राह्यला.”

“तुले काय वाटते?”

“लखीराम तोंडानं कडू हाये. हातानं नाई. मी इथं अडकून पडलो, ताई. मंगळवारशिवाय तिकीट नाई. पोरगी रोज विचारते, आजी कुठं गेली. बुधवारी तिचा समोरचा दात पडला. मी येड्यासारखा फोटो काढला अन् सवयीनं याडीच्या फ्रेमले पाठवून देल्ला. मंग एकटाच रडत बसलो.”

“मलेच काहून फोन केला, गुलाबसिंग? मी फोटोवाली बाई.”

“त्या दिवशी एक डब्बा विकाच्या आधी तुम्ही याडीले अर्धा तास प्रश्न विचारले. तिच्याबद्दल इतके प्रश्न पोलिसायनं बी नाई विचारले.”

हे मात्र खरं होतं. दारव्ह्यात सत्यशीलाबद्दल म्हणतात की तिच्याकडून वस्तू घेण्यापेक्षा कोर्टात साक्ष देणं सोपं. बावन्न वर्षांची बाई, नाकावर चष्मा, जिभेवर धार. पण तिनं दिलेली वस्तू परत येत नाही.

त्या दिवशी तिनं मैनाबाईंना समोर बसवून विचारलं होतं, “मावशी, या फ्रेममध्ये फोटो शिरायच्या चार वाटा असते. एक, कार्ड. दोन, पेनड्राइव्ह. या दोन्हीत कोणीतरी घरी येऊन ते खुपसावं लागते. कोण येईन?”

“कोणी नाई,” मैनाबाई म्हणाल्या होत्या.

“तिसरी वाट ब्लूटूथ. त्याच्यात फोटो पाठवणारा त्याच खोलीत पाहिजे. पोरगा मस्कतले. काय कामाचं? या फ्रेमले ते नाईच, अन् नाई तेच बरं. चौथी वाट वायफाय. पोरानं तिथून मेल केला का इथं फोटो दिसते, तुम्हाले बटन बी दाबा लागत नाई. पण घरात नेट पाहिजे. तुमच्याकडं लाइन हाये?”

लाइन नव्हती. गावाबाहेर, वावराला लागून असलेल्या त्या घरापर्यंत कोणी तार ओढत नव्हतं. मग गुलाबसिंगनं आईसाठी आणलेला नवा फोरजी फोन सत्यशीलानं हातात घेतला आणि त्याचं हॉटस्पॉट फ्रेमला जोडून दिलं. फोन चालू झाला की हॉटस्पॉटही आपोआप चालू व्हावं, म्हणून एक ॲप टाकलं. स्वतःच्या फोनवर जोडून चाचणी घेतली. शेवटी फ्रेमच्या मागची कार्डाची आणि पेनड्राइव्हची, दोन्ही भोकं तिनं दुकानाच्या गोल स्टिकरनं बंद केली आणि त्यावर सही ठोकली. कापसाच्या गावात उघड्या भोकात तंतू शिरतात आणि महिन्याभरात वस्तू मरते.

“हे स्टिकर काढू नोका,” तिनं बजावलं होतं.

आता फोन ठेवून तिनं शटर ओढलं, सवयीप्रमाणे मोबाइलचं नेट बंद केलं आणि यवतमाळची एसटी पकडली. बॅटरी उगाच खाल्ली जाते म्हणून दुकानाबाहेर ती नेट कधीच चालू ठेवत नसे.

दवाखान्यात लखीरामच्या खाटेजवळ एक शिपाई स्टुलावर पेंगत होता. २०१७ सालच्या त्या हंगामात फवारणीचे रुग्ण इतके होते की दोन खाटांमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. लखीरामचे डोळे लाल, पापण्या सुजलेल्या. तो आवाजाच्या दिशेनं बघत होता.

“मी सत्यशीला. फोटोवाली.”

“काकी सापडली का?”

हा त्याचा पहिला प्रश्न होता. सत्यशीलानं तो मनात नोंदवून ठेवला.

“नाई. भांडण कायचं झालं होतं?”

“फवारणीचं. बोंडअळीनं वावर खाऊन टाकलं, तरी मी फवारून राह्यलो होतो. काकी म्हणे, तोंडाले फडकं बांध, हातात मोजे घाल. मी म्हटलं, उन्हात मरू का फडक्यात? तू घरी बसून शहाणपण शिकवू नोको. मोठ्यानं बोल्लो. माहा आवाजच मोठा हाये. दुसऱ्या दिवशी पहाटे गेलो, फडकं न बांधता. दहा वाजता पडलो.”

“रस्त्याच्या कडंच्या दीड एकरावरून काही वाद?”

“वाद कायचा? रस्ता मोठा होऊन राह्यला, लोकं म्हणते प्लॉट पाडा. काकी म्हणे विकत नाई. मी बी तेच म्हणतो. विकलं तं मी काय करू?”

“यंदा कापूस किती झाला?” हे तिनं सहज विचारलं. नोव्हेंबरात या जिल्ह्यात कोणाची भेट झाली की तब्येतीच्या आधी हेच विचारतात.

“कायचा कापूस? पहिल्या वेच्याले अडीच क्विंटल. तो दिवाळीच्या आधीच व्यापाऱ्याले देल्ला. बाकी बोंडं अळीनं सडवली. घरात वातीपुरता कापूस नाई.”

शिपाई जागा झाला आणि त्यानं वेळ संपल्याचं सांगितलं. जाताना लखीरामनं तिच्या साडीचा काठ धरला. त्याला नीट दिसत नव्हतं, म्हणून काठच हाताला लागला असेल.

“मी काही नाई केलं, बाई. पण मी बोल्लो ते लागलं असन का तिले? विहिरीत तं...”

“तुम्ही झोपा,” सत्यशीला म्हणाली. तिनं साडीचा काठ सोडवून त्याचा हात खाटेवर ठेवला.

शनिवारी सकाळी ती मैनाबाईंच्या घरी गेली. कौलारू, बुटकं, लांबोळकं घर. अंगणात पाय ठेवला आणि पर्समधला फोन टुंगटुंग वाजला. एका पाठोपाठ चार मेसेज आले. तिनं बघायला फोन काढला, तेवढ्यात दार उघडलं.

“या ताई, या. रामराम.” रवी चव्हाण. पस्तिशीचा, गोरटेला, इस्त्रीचा शर्ट, बोलणं साखरेत घोळलेलं. हातात काच तडकलेला जुना फोन. “गुलाबभाऊंनी सांगितलं होतं तुम्ही येणार म्हणून. बसा.”

ती आत आली. त्यानं मागून दार लावलं आणि कडी घातली.

“कडी कायले?”

“कुत्रे शिरतात हो.”

घरात हवा कोंडली होती. खिडकी एकच, तीही बंद. अंगावर बारीक खाज सुटल्यासारखं झालं. कापसाच्या घरात तसं होतंच. समोरच्या फळीवर फोटोची फ्रेम चालू होती. गुलाबसिंग, समुद्र, नात वैष्णवी, पुन्हा समुद्र. एकामागून एक चेहरे सरकत होते आणि बघायला घरात कोणी नव्हतं.

“शनिवारी काय झालं ते सांगा,” सत्यशीला म्हणाली.

“सकाळी उठलो तर आत्याबाई नाहीत. वाटलं वावरात गेल्या असतील. फोनही घेऊन गेल्या. मग फोन बंदच लागायला लागला.”

“तक्रार सोमवारी कशी?”

“आधी नातेवाईकांकडे शोधलं. इज्जतीचा प्रश्न असतो ना ताई.”

“इथून गुलाबसिंगशी रोज बोलता?”

“कुठलं हो. इथं नेट कुठं? माझा फोनही जुना, थ्रीजी. गावात जाऊन बोलावं लागतं.”

“अन् तुम्ही इथंच राहिले, उमरखेडचं काम सोडून?”

“घर उघडं टाकून कसं जाणार? सासू म्हणजे आईच.” त्यानं डोळे पुसले. डोळे कोरडे होते, पण पुसण्याची रीत चांगली होती.

तो चहा ठेवायला गेला तशी ती उठली. मधल्या खोलीच्या दाराला कडी नव्हती. तिनं ते ढकललं. खोली कापसानं आढ्यापर्यंत भरलेली होती. उंबऱ्यापासून हातभर अंतरावरच कापूस सुरू होत होता, सरळसोट उभा. मधूनमधून पिवळे, काळपट डाग. किडक्या बोंडांचा असला कापूस, ज्याला कवडी म्हणतात, तो व्यापारी हातातसुद्धा घेत नाहीत.

“लखीरामचा आहे,” रवी मागे येऊन उभा होता. “भाव वाढला की काढतो म्हणाला होता.”

“अस्सं.”

“पोलिसांनी पाहिली ती खोली.”

“पाहिली असनच.” ती परत वळली. रवी दारातून हलला नाही. पुढे तो, मागे कापसाची भिंत, मध्ये हातभर जागा. तिला एकदम वाटलं की या घरात हाक मारली तर ती इथंच जिरून जाईल. भीती वाटली आणि ती वाटल्याचा रागही आला.

“चहा उतू जाईन, जावईबापू,” ती म्हणाली.

तो बाजूला झाला.

समोरच्या खोलीत येऊन ती फ्रेमपुढे उभी राहिली. समुद्र. गुलाबसिंग. मग वैष्णवी, कॅमेऱ्याकडे तोंड वासून हसणारी, समोरच्या दाताच्या जागी काळी खिडकी. सत्यशीलानं फ्रेम उचलून मागून पुढून पाहिली. दोन्ही स्टिकर जागच्या जागी होते, तिच्या सहीसकट.

“काय बघता?”

“धूळ,” ती म्हणाली. पदरानं फ्रेम पुसून तिनं जागेवर ठेवली. चहा संपवला, त्याला नावही ठेवलं नाही, आणि स्वतः कडी काढून बाहेर पडली. रस्त्याला लागेपर्यंत तिनं पावलं मुद्दाम हळू टाकली. मग मात्र ती पळालीच.

हवालदार किसनराव इंगोले निवृत्तीला चार महिने राहिलेला माणूस. त्यानं सगळं ऐकलं आणि मान हलवली.

“सत्यशीलाबाई, ते घर मी सोता पायलं. चारही खोल्या.”

“जावयाची बॅग पायली?”

“जावयाची बॅग कोणी तपासते का? काहीतरीच.”

“कापसाची खोली?”

“कापूस होता.”

“किती खोल होता?”

किसनरावनं टोपी घातली.

तासाभरात ते दोन शिपायांसह त्या घरी पोचले. रवीनं दार उघडलं, रामराम घातला, सगळ्यांना बसायला सांगितलं. सत्यशीला बसली नाही.

“किसनराव, तुम्ही फ्रेमकडं पाहत राहा. जावईबापू, मैनाबाईचा फोन कुठं हाये?”

“सांगितलं ना. त्याच घेऊन गेल्या.”

“अन् या घरात नेट नाई?”

“नाही.”

सत्यशीलानं बाहेर ओट्यावर जाऊन मस्कतला साधा फोन लावला. “गुलाबसिंग, आत्ता एक फोटो काढ अन् फ्रेमले पाठव. कशाचा बी. हो, आत्ताच.”

ती आत आली. सगळे फ्रेमकडे बघत होते. समुद्र सरकला. वैष्णवी सरकली. एक मिनिट गेलं. रवी हसला. “ताई, तुम्ही उगाच...”

फ्रेम क्षणभर काळी झाली. मग एक नवा फोटो उमटला. गुलाबसिंगचा तळहात, आणि त्यावर निळ्या पेनानं लिहिलेलं: याडी.

रवीचं हसू तोंडावरच राहून गेलं.

“हा फोटो इथं कसा आला, जावईबापू?” सत्यशीलानं विचारलं.

“मला काय माहीत? मशीन आहे. जुने फोटो असतील.”

“दोन मिनिटांपूर्वी तो मस्कतमध्ये काढला. या डब्ब्यात फोटो शिराच्या चारच वाटा हाये. कार्डाची वाट मी सोता बंद केली, पेनड्राइव्हची बी. हे पहा स्टिकर, पोळ्यापासून कोणी उचकटले नाई. ब्लूटूथ याले नाई. राह्यलं वायफाय. अन् ही फ्रेम एकच वायफाय ओळखते, मैनाबाईच्या फोनचं. तो फोन दहावीस पावलांच्या आत असला तरच. म्हणजे फोन आत्ता, या घडीले, या घरात हाये.”

सत्यशीलानं फ्रेम परत फळीवर ठेवली.

“मी सकाळी अंगणात आली तं माह्या फोनवर मेसेज आले. माहं नेट बंद होतं, म्हणजे दुकानात चाचणीले जोडलेलं मैनाबाईच्या फोनचंच वायफाय त्यानं धरलं. तेव्हाच समजाले पाहिजे होतं, पण मी चालत्या पायानं विसरली. मंग फ्रेममध्ये पोरीचा पडलेला दात पायला. दात बुधवारी पडला. मैनाबाई शनिवारी फोन घेऊन गेली, तं बुधवारचा फोटो कोणी आणला?”

किसनरावनं शिपायाला खूण केली. जावयाची बॅग उघडली गेली. इस्त्रीच्या शर्टांखाली मैनाबाईंचा फोन निघाला, चालू, आवाज बंद केलेला. आत त्यांची सिम नव्हती. रवीची होती.

“तुमची सिम त्याच्यात काहून?” किसनराव म्हणाला.

“सिम फोरजी,” उत्तर सत्यशीलानं दिलं. “अन् याचा सोताचा फोन थ्रीजी. सासूची सिम काढून फेकली म्हणजे फोन बंद लागणार, काम झालं. पण दिवसभर या घरात राखण करत बसाचं, वेळ जात नाई. चांगला नवा फोन पडून राह्यला, फुकटचं नेट हाये. घातली आपली सिम, बसला पिक्चर पाहत. जवा जवा यानं फोन चालू केला, तवा तवा हॉटस्पॉट आपोआप चालू झालं अन् फ्रेमनं आपले फोटो ओढून घेतले. याले वाटलं, जुनेच फिरून राह्यले. लेकराच्या तोंडाकडं एकदा नीट पायलं असतं तं समजलं असतं.”

“राखण कायची?” किसनरावनं विचारलं. पण विचारता विचारताच त्याची मान मधल्या खोलीकडे वळली.

“लखीराम म्हणते, घरात वातीपुरता कापूस नाई. बोंडअळीनं अख्ख्या शिवाराचं वाटोळं केलं, अन् याच घरात आढ्यापर्यंत कापूस? तो बी कवडी, जो कोणी भावासाठी ठेवत नाई. अन् किसनराव, तुम्ही शेतकऱ्याचे पोरं. कापूस दारातून फेकला का मांगं ढीग होते अन् पुढं उतरत येते. भिंतीसारखा सरळ उभा राह्यते का कधी?”

किसनरावनं टोपी काढली. “पण मी पायलं, बाई. सोता पायलं.”

“नोव्हेंबरात कापसाची खोली आपण पाहतच नाई. दार उघडतो, कापूस दिसते, दार लावतो. यानं तेवढंच हेरलं. शनिवार ते सोमवार तक्रार काहून नाई देल्ली? रविवारी दोन गाड्या कवडी आणून भराची होती म्हणून. कापसाची गाडी कोणाच्या दारात थांबली, हे या दिवसात कोण ध्यानात ठेवते?”

रवी खाली बसला. “मी काही केलं नाही त्यांना. जेवण देतो दोन वेळ. विचारा त्यांनाच.”

शिपायांनी कापूस ओढायला सुरुवात केली. दोन हातांवर बांबूचा तट्टा लागला. कापूस त्याला टेकवून रचलेला होता. तट्ट्याच्या बाजूला माणूस आडवा होऊन जाईल एवढी फट, आणि पलीकडे मागच्या कोठीचं दार. बाहेरून अडसर.

अडसर काढला. अंधारात बाजेवर मैनाबाई बसल्या होत्या. केसांत, भुवयांवर, अंगभर तंतू. हात खाजवून खाजवून सोललेले. उजेड बघून त्यांनी डोळे झाकले.

“कोण हाये? लखीराम?”

“मी सत्यशीला, मावशी. पोलीस आले.”

“पोलीस नोको. ते त्याचे हाये.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. शनिवारी सकाळी रवी धावत आला होता. लखीराम कुऱ्हाड घेऊन तुम्हाला शोधतोय, म्हणाला. पोलीस त्यानं फोडलेत, फोन द्या, फोनवरून माणूस सापडतो, कोठीत लपा, आवाज करू नका. आदल्याच दिवशीचं भांडण कानात ताजं होतं. त्यांनी विश्वास ठेवला. सोमवारी पोलीस समोर बोलत होते तेव्हा त्या तोंडात पदर घालून बसल्या होत्या. चौथ्या दिवशी रवीनं कागद आणला. जमीन माझ्या नावानं सांभाळायला द्या, मग लखीराम काही करू शकणार नाही. मुखत्यारपत्र. तेव्हा त्यांना शंका आली. बाहेर जायचं म्हणाल्या. त्या दिवसापासून अडसर.

“ओरडली नाई तुम्ही?” किसनरावनं विचारलं.

“लय ओरडली. कापसाच्या पलीकडं जातच नाई आवाज.” त्यांनी शांतपणे सांगितलं. “अंगठा नाई देल्ला मी. अडसर त्यानं मंग लावला. पण अंदर मी माह्या पायानं गेली, बाप्पा. घरचा पोरगा मारीन, हे मले खरं वाटलं.”

त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. “लखीराम कुठं हाये?”

“दवाखान्यात. फवारणीचं विष चढलं. आता बरा हाये. डोळ्याले अजून नीट दिसत नाई.”

“फडकं बांध म्हटलं होतं मी,” मैनाबाई म्हणाल्या, आणि आठ दिवसांत पहिल्यांदा त्यांना रडू फुटलं.

रवीला नेलं. जाताना त्यानं सवयीनं सासूच्या पाया पडायला हात पुढे केला. मैनाबाईंनी पाय मागे घेतले.

सत्यशीलानं त्यांना समोरच्या खोलीत आणून बसवलं, पाणी दिलं, दार आणि खिडकी सताड उघडली. मैनाबाई फ्रेमकडे बघत होत्या. दात पडलेली वैष्णवी आली तशा त्या पुढे वाकल्या.

“हा कवा पडला?”

“बुधवारी.”

“बुधवारी मी भिंतीच्या पलीकडं होती.” त्यांनी काचेवर बोट ठेवलं, दाताच्या खिडकीवर. “यातून माहा फोटो तिकडं जाते का, सत्यशीला?”

“नाई, मावशी. यात फक्त येते.”

“म्हणजे मी हाये का नाई, ते याले समजतच नाई. मी इथं बसली होती तवा बी हे चालू, नव्हती तवा बी चालू.”

दुकानात सत्यशीलानं अर्धा तास प्रश्न विचारले होते. फोटो कसा येईल, कुठून येईल, कोण बटन दाबेल. या बाईकडून तिकडे काय जाईल, हा प्रश्न तिला सुचलाच नव्हता. तिला लाज वाटली.

“हे माहं चुकलं, मावशी,” ती म्हणाली. मग तिनं पर्समधून फोन काढला आणि त्याचं नेट चालू केलं. “थांबा, केसातलं काढते आधी.”

“राहू दे,” मैनाबाई ताठ बसल्या. “असाच काढ. त्याले दिसू दे.”

सत्यशीलानं फोटो काढला आणि मस्कतला पाठवला. पाहिल्याच्या दोन निळ्या खुणा दिसेपर्यंत ती उघड्या दारात उभी राहिली.